माणसं गोष्टी का सांगतात, आणि ऐकणाऱ्याच्या हातात तीन मोती का देतात

श्रावणातल्या रविवारी आमच्याकडे आदित्यराणूबाईची कहाणी व्हायची. आजी पाटावर बसायची, समोर आई, काकू, आम्ही पोरं, आणि प्रत्येकाच्या मुठीत चार अक्षता. कहाणी संपेपर्यंत मूठ उघडायची नाही, संपली की त्या अक्षता देवाला वाहायच्या. थोड्या वेळाने तळहाताला घाम यायचा, तांदूळ चिकटायचे, कुंकवाचा लाल रंग हाताला लागायचा, आणि मला वाटायचं की पोरांनी चुळबुळ करू नये म्हणून मोठ्यांनी काढलेली ही युक्ती असणार. पुढे बऱ्याच वर्षांनी तीच कहाणी मी एकटीने, शांतपणे वाचली तेव्हा कळलं की मुठीत काहीतरी धरून ऐकायचं हे त्या कहाणीच्या आतच आहे.

ज्यांनी ऐकली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एक गरीब ब्राह्मण असतो, रानात समिधा आणायला जातो, तिथे नागकन्या-देवकन्या त्याला आदित्यराणूबाईचा वसा देतात, तो मनापासून करतो आणि दिवस पालटतात. दोन मुलींची लग्नं होतात, एक राजाला दिलेली, एक प्रधानाला. मग बाप एकदा लेकींच्या भेटीला निघतो. राणी म्हणते, बाबा, गूळ खा, पाणी प्या. तो म्हणतो, आधी मला माझी कहाणी सांगायचीय, ती तू ऐक. राणी म्हणते मला वेळ नाही, राजा शिकारीला निघालाय. बाप तसाच उठतो आणि दुसऱ्या लेकीकडे जातो. ती म्हणते तुमची कहाणी नाही ऐकायची तर कुणाची ऐकायची, आणि उतरंडीतून सहा मोती काढते, तीन बापाच्या हातात देते, तीन स्वतःच्या हातात धरते. तो मनोभावे कहाणी सांगतो, ती चित्तभावे ऐकते.

पुढे राणीचं राज्य जातं, घरात दारिद्र्य येतं, पोरं मावशीच्या दारात मदत मागायला येतात. अगदी शेवटी राणी स्वतः बहिणीकडे जाते तेव्हा बहीण तिला सांगते की तू बापाची कहाणी ऐकली नाहीस, म्हणून हे झालं. मग राणी वसा घेते, राजाचं बोलावणं येतं, ती परत निघते, आणि आता उलटं होतं: तिला कहाणी सांगायचीय आणि ऐकायला कुणीतरी उपाशी माणूस हवाय. वाटेवरचा मोळीविक्या ऐकतो, त्याची लाकडाची मोळी सोन्याची होते. माळी ऐकतो, त्याचा मळा पिकायला लागतो. एक म्हातारी ऐकते, तिची गेलेली मुलं परत येतात. हात नाहीत पाय नाहीत असा एक जीव रस्त्यात पडलेला असतो, त्याला पाणी शिंपडून पालथ्याचा उताणा करतात, तोही ऐकतो आणि त्याला हातपाय फुटतात.

यातला व्रताचा भाग ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा आहे, त्यावर मला काही म्हणायचं नाही. पण ज्या बायकांनी ही कहाणी पिढ्यान् पिढ्या सांगितली त्यांना एक गोष्ट पक्की माहीत होती असं मला वाटतं, ती म्हणजे गोष्ट एकट्याची नसते. तीन मोती सांगणाऱ्याचे, तीन ऐकणाऱ्याचे. माणसं गोष्टी का सांगतात याची गेल्या शंभरेक वर्षांत शास्त्रज्ञांनी जी उत्तरं शोधली ती मी जमेल तशी वाचत असते, आणि दर वेळी ती सहा मोत्यांपाशीच येऊन पोचतात, म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी अगदी साधी गोष्ट, आपल्या मेंदूला गोष्ट बनवल्याशिवाय राहवतच नाही. १९४४ मध्ये अमेरिकेत फ्रिट्झ हायडर आणि मारिआन सिमेल या दोघांनी एक छोटीशी फिल्म बनवली, तिच्यात फक्त एक मोठा त्रिकोण, एक छोटा त्रिकोण आणि एक छोटा गोल, बाजूला दार असल्यासारखा एक चौकोन, आणि हे आकार इकडून तिकडे सरकतात, बास. माणूस नाही, आवाज नाही. बघणाऱ्यांना विचारलं की काय दिसलं ते लिहा. पहिल्या गटात ३४ जणी होत्या आणि त्यातल्या फक्त एकीने सरळ लिहिलं की त्रिकोण इकडून तिकडे गेला. बाकीच्यांनी काय लिहिलं, तर मोठा दादागिरी करतोय, धाकटा त्या गोलाला, म्हणजे ‘तिला’, वाचवतोय, ती घाबरून घरात लपलीय, शेवटी दोघं पळून गेले. त्रिकोणाला ना तोंड ना डोळे, तरी त्याला राग आलेला आपल्याला दिसतो. कारण लाखो वर्षं आपला जीव यावरच अवलंबून होता की समोरचा काय करतोय एवढंच बघायचं नाही तर का करतोय हेही ओळखायचं, आणि ‘का’ म्हटलं की गोष्ट सुरू झालीच.

लक्षात ठेवायलाही तेच. १९६९ मध्ये बॉवर आणि क्लार्क या दोघांनी विद्यार्थ्यांना दहा-दहा शब्दांच्या बारा याद्या पाठ करायला दिल्या. एका गटाला सांगितलं, नुसते पाठ करा. दुसऱ्या गटाला सांगितलं, प्रत्येक यादीतल्या शब्दांची एक गोष्ट रचा. सगळ्या याद्या झाल्यावर आठवायला सांगितलं तेव्हा नुसतं पाठ करणाऱ्यांना सरासरी १३ टक्के शब्द आठवले आणि गोष्ट रचणाऱ्यांना ९३ टक्के. शब्द तेच, वेळही सारखाच. आपल्याकडे जेव्हा लिहिणं-वाचणं मूठभर लोकांकडेच होतं तेव्हा कुळाचार, औषधं, पाऊसपाण्याचे ठोकताळे, नात्यागोत्यातले नियम हे सगळं टिकलं कशात तर गोष्टीत, ओवीत आणि म्हणीत, त्याचं कारण हे आहे.

पण हे झालं एका डोक्यापुरतं. एकट्याने गोष्ट बनवून मनात ठेवली तरी आठवण राहीलच की. मग माणूस ती दुसऱ्याला सांगायला एवढा धडपडतो का?

आफ्रिकेत कालाहारी वाळवंटात, बोत्स्वाना आणि नामिबियाच्या सीमेवर, जु/होआन्सी लोक राहतात, पूर्वी त्यांना बुशमन म्हणायचे. पॉली वीसनर नावाच्या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९७०च्या दशकात त्यांच्यात राहून त्यांची बोलणी टिपून ठेवली होती, दिवसाची आणि रात्रीची मिळून १७४ संभाषणं, आणि त्याचा अभ्यास २०१४ मध्ये छापून आला. दिवसा लोक काय बोलत होते? ३४ टक्के वेळा तक्रारी, उखाळ्यापाखाळ्या, कोण आळशी, कोणी वाटणी नीट केली नाही, ३१ टक्के कामाधंद्याचं, शिकार कुठे, कंदमुळं कुठे. गोष्टी जेमतेम ६ टक्के. आणि रात्री शेकोटीभोवती? ८१ टक्के गोष्टी! माणसं तीच, भांडणंही तीच, पण अंधार पडला, विस्तव पेटला की भाषाच बदलते, मग लांबच्या नातेवाइकांच्या गोष्टी निघतात, लग्नाच्या, शिकारीत फजिती झालेल्या, मेलेल्या माणसांच्या.

हे वाचल्यावर मला लोडशेडिंगचे दिवस आठवले. ज्यांनी दोन हजार पाच-सहाच्या आसपासचा महाराष्ट्र बघितलाय त्यांना सांगायला नको, गावाकडे आठ-आठ दहा-दहा तास लाइट नसायची, आणि रात्रीची गेली की सगळी आळी ओट्यावर येऊन बसायची, कुणी चटई आणायचं, कुणी पंख्यासाठी पुठ्ठा, आणि दिवसभर नळाच्या पाण्यावरून एकमेकींशी तावातावाने भांडलेल्या बायका त्याच ओट्यावर मांडीला मांडी लावून बसून माहेरच्या गोष्टी सांगायच्या. अंधारात हाताला काम नसतं, तोंड दिसत नाही, त्यामुळे आवाज तेवढा उरतो. वीसनर यांचंही म्हणणं असंच आहे की विस्तवामुळे माणसाला दिवसाचे काही जादा तास मिळाले, त्या तासांत शिकार करता येत नव्हती की कंदमुळं शोधता येत नव्हती, मग ते गोष्टींना मिळाले, आणि त्या गोष्टींनी लांब लांब राहणाऱ्या माणसांना एकमेकांशी जोडून ठेवलं. दुष्काळ पडला तर शंभर मैलांवरच्या कुणाकडे जायचं, तो माणूस कसा आहे, त्याची माझी ओळख काय, हे शेकोटीच्या गोष्टींतून कळत होतं.

फिलिपिन्समध्ये आग्ता म्हणून शिकारी लोक आहेत, त्यांच्यावरचा २०१७ चा अभ्यास याच्या एक पाऊल पुढे जातो. अभ्यासकांनी लोकांना विचारलं, पुढच्या मुक्कामात तुम्हाला कोणासोबत राहायला आवडेल? चांगल्या शिकाऱ्याचं नाव जास्त येईल असं कुणालाही वाटेल, पोटाचा प्रश्न आहे शेवटी. पण सगळ्यात जास्त मागणी गोष्टी सांगणाऱ्यांना होती. आणि ज्या वस्तीत चांगले गोष्ट सांगणारे जास्त, त्या वस्तीतली माणसं तांदूळ वाटून घेण्याच्या खेळात एकमेकांना जास्त देत होती. त्यांची एक गोष्ट अशी, सूर्य आणि चंद्र, सूर्य पुरुष आणि चंद्र बाई, दोघांचं भांडण लागतं की आकाश कुणी उजळायचं. मारामारी होते, आणि चंद्र सूर्याइतकीच ताकदवान निघते, मग ठरतं की एकाने दिवस घ्यायचा, एकीने रात्र. बाई-पुरुष दोघांनी काम वाटून घ्यावं हे कुणी कुणाला सुनावलं नाही, भाषण नाही, दंड नाही, सूर्य-चंद्राचं भांडण सांगितलं आणि झालं.

आपल्याकडे याला फार नेमकी म्हण आहे, लेकी बोले सुने लागे. आपल्या कहाण्या ‘आटपाट नगर होतं’ने का सुरू होतात याचा विचार कधी केलाय का? आटपाट नगर म्हणजे कुठलंच नगर नाही, तिथला राजा कुठलाच राजा नाही, तिथली नावडती सून कुणाच्याच घरची नाही. त्यामुळे सासू समोर बसलेली असताना सून मोठ्याने वाचू शकते की सासूने सुनेला गोठ्यात ठेवलं, उष्टं-खरकटं घातलं, आणि देवाने मग त्या सुनेकडे बघितलं. सासूही मुठीत अक्षता धरून बसलेली, तिला मध्ये उठता येत नाही, आणि तिचं नाव कुणी घेतलेलं नाही त्यामुळे तिला रागही धरता येत नाही. घराघरात दरवर्षी श्रावणात हे झालेलं आहे. जिला एरवी तोंड उघडायची सोय नव्हती तिला वर्षातून एकदा, देवासमोर, सगळ्यांदेखत बोलता येत होतं. मी या कहाण्यांकडे आधी नुसत्या भाबड्या म्हणून बघायचे, आता नाही बघत.

आता जी गोष्ट सांगणार आहे ती मला या सगळ्यात सगळ्यात मोठी वाटते.

इंडोनेशियात सुमात्राच्या पश्चिमेला सिमेउलुए नावाचं बेट आहे. १९०७ मध्ये तिथे भूकंप झाला, समुद्र मागे हटला, लोक उघड्या पडलेल्या तळावरचे मासे गोळा करायला धावले आणि मग लाट आली. असंख्य माणसं गेली. जी वाचली त्यांनी या प्रकाराला त्यांच्या भाषेतला शब्द वापरला, स्मोंग, आणि ते गोष्टीत बांधलं, गाण्यात बांधलं, पाळण्यापाशीसुद्धा म्हटलं. गोष्टीचा सांगावा एवढाच: जमीन जोरात हलली आणि त्यानंतर समुद्र आटला तर कशाची वाट बघू नका, डोंगराकडे पळा. आजी नातवाला सांगायची, तो पुढे आपल्या नातवाला. मधल्या काळात तशी मोठी लाट आली नाही, म्हणजे दोन-तीन पिढ्या अशा गेल्या की ज्यांनी ही गोष्ट ऐकली पण लाट बघितलीच नाही, आणि तरी त्यांनी ती पुढे सांगितली. मग २६ डिसेंबर २००४ ची सकाळ आली. भूकंपाच्या केंद्राच्या अगदी जवळच्या जागांपैकी हे बेट, काही मिनिटांत तिथे लाट पोचली, कुठलीही धोक्याची सूचना नाही, फोन नाही. जमीन हलली तसे लोक ओरडले, स्मोंग, स्मोंग! आणि म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन, पोरांना काखेत मारून सगळे टेकड्यांवर गेले. बेटावर सुमारे ७८ हजार माणसं होती, त्यातली ७ गेली. समोरच्या सुमात्राच्या किनाऱ्यावर, आचे प्रांतात, लाखाहून जास्त माणसं गेली.

या गोष्टीत नायक कोण, असं मी बऱ्याचदा स्वतःला विचारते. १९०७ मध्ये ज्याने पहिल्यांदा सांगितलं तो आहेच, पण मला वाटतं मधली माणसं, ज्यांच्या आयुष्यात ती लाट आलीच नाही, आणि ज्यांनी तरी ‘हे काय म्हाताऱ्यांचं जुनं काहीतरी’ म्हणून ती टाकून दिली नाही. ती ऐकणारी माणसं. ‘उतू नको, मातू नको, घेतला वसा टाकू नको’ असं आपल्या कहाणीत म्हणतात ना, ते तिथे अक्षरशः खरं झालं.

ऐकणं म्हणजे नुसतं गप्प बसणं नव्हे, हे आता यंत्रावरही दिसलंय. २०१० मध्ये अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठात उरी हॅसन आणि त्यांच्या सोबतच्या लोकांनी एका मुलीला एमआरआय मशीनमध्ये झोपवून तिच्या शाळेच्या दिवसातली एक खरी गोष्ट सांगायला लावली, काही तयारी न करता, आपण मैत्रिणीला सांगतो तशी, आणि ती रेकॉर्ड केली. मग दुसऱ्या लोकांना त्याच मशीनमध्ये झोपवून ती ऐकवली. ऐकणाऱ्यांच्या मेंदूतली हालचाल सांगणारीच्या मेंदूच्या पावलावर पाऊल टाकत चालली होती, थोडी मागून, जशी वारीत पुढच्याची चाल मागच्याला लागते तशी. अनोळखी रशियन भाषेत गोष्ट ऐकवली तर हे जुळणं नाहीसं व्हायचं. आणि मला सगळ्यात आवडलेला भाग हा की मेंदूच्या काही जागांमध्ये ऐकणारे सांगणारीच्या पुढे असायचे, म्हणजे आता ही काय म्हणणार हे आधीच धरून बसलेले, आणि ज्यांचं हे पुढे धावणं जास्त त्यांना गोष्ट जास्त नीट समजलेली होती.

आपल्याकडे सांगणाऱ्यांना हे मशीनशिवाय माहीत होतं. आजी गोष्ट सांगताना अट घालायची, हूं म्हणत राहा. अंथरुणावर पडल्या पडल्या, अंधारात, प्रत्येक वाक्याला हूं. हूं आलं नाही की आजी थांबायची, ‘झोपलीस का गं?’, आणि नसेन झोपले तर घाईघाईने हूं म्हणायचं कारण नाहीतर राजपुत्र अर्ध्या विहिरीतच लटकून राहायचा. पोवाड्यात तर या हूंला पगारी जागा आहे, शाहिरामागे झीलकरी उभे असतात, शाहीर एक कडवं फेकतो आणि ते ‘जी जी रं जी’ करून ते झेलतात. त्यांच्याशिवाय शाहीर एकटा गायला तर ते गाणं होईल, पोवाडा होणार नाही. कीर्तनात बुवा मध्येच विठ्ठल विठ्ठल म्हणायला लावतात तेही माझ्या मते हेच, मंडळी अजून सोबत आहेत ना याची खात्री.

मग ज्याला ऐकायला कुणीच नसतं त्याचं काय होतं?

तमिळ मुलखातली एक लोककथा आहे. एक विधवा म्हातारी, दोन मुलगे, दोन सुना, चौघंही तिला छळतात. बिचारीला सांगायला कुणी नाही, आणि दुःख आतल्या आत साठून ती फुगत जाते, आणि घरातले तिच्या लठ्ठपणावरही तिला बोलतात. एक दिवस ती चालत चालत गावाबाहेरच्या एका पडक्या घरात शिरते आणि समोरच्या भिंतीला थोरल्या मुलाचं गाऱ्हाणं सांगते. भिंत कोसळते आणि हिचं अंग थोडं हलकं होतं. दुसऱ्या भिंतीला थोरल्या सुनेचं, तिसरीला धाकट्याचं, चौथीला धाकटीचं. चारही भिंती पडतात आणि ती त्या ढिगाऱ्यात उभी असते, हलकी झालेली.

आपल्या बायकांनी भिंतीऐवजी जातं धरलं. पहाटे तीन-चारला उठून दळायला बसायचं आणि जात्यालाच देवा, ईश्वरा म्हणून हाक मारून सगळं सांगायचं, माहेरच्या वाटेचं, भावाचं, नवऱ्याच्या हाताच्या माराचं, मेलेल्या लेकराचं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉयटवाँ यांनी गावोगाव फिरून अशा जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या १ लाखाहून जास्त भरल्या. एक लाख! दगडाला सांगितलेल्या. आणि तरी मला वाटतं की त्या अगदीच दगडाला नव्हत्या, शेजारच्या घरात दुसरी दळत असायची, आणि जात्याला खुंटा धरून समोर जाऊ किंवा नणंद बसलेली असायची, तिच्याही कानावर पडत होतं.

मानसशास्त्रात याच्या जवळचा एक प्रयोग जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये छापला. विद्यार्थ्यांना चार दिवस रोज १५ मिनिटं आयुष्यातल्या सगळ्यात वाईट अनुभवाबद्दल लिहायला सांगितलं. ज्यांनी घडलेलं आणि त्याबद्दल वाटलेलं दोन्ही लिहिलं ते पुढच्या काही महिन्यांत दवाखान्यात कमी वेळा गेले. नंतर असंही दिसलं की लिहिता लिहिता ज्यांच्या मजकुरात ‘म्हणून’, ‘कारण’, ‘तेव्हा कळलं’ असे शब्द वाढत गेले, म्हणजे तुकड्या-तुकड्यांची हळूहळू गोष्ट होत गेली, त्यांना जास्त फायदा झाला. हा काही रामबाण उपाय नाही, सगळ्यांना सारखा लागू पडत नाही. पण दुःखाला ‘आधी’ आणि ‘नंतर’ मिळालं की ते हाताळता येतं, एवढं त्यातून नक्की घेता येतं.

आणि गुणाढ्य नावाच्या पंडिताची आख्यायिका तर आपल्याच मातीतली, पैठणच्या सातवाहन राजाच्या दरबारातली. गुणाढ्य पैज हरतो, संस्कृत-प्राकृत-देशी तिन्ही भाषा सोडतो, विंध्याच्या रानात जाऊन ‘पैशाची’ नावाच्या, पिशाचांची म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भाषेत सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहितो, शाई नाही म्हणून स्वतःच्या रक्ताने. राजाकडे पाठवतो. राजा म्हणतो ही कसली भाषा, आणि परत पाठवतो. गुणाढ्य टेकडीवर अग्नी पेटवतो आणि एक एक पान मोठ्याने वाचून त्यात टाकायला लागतो. राजाला नको तर राहिलं, पण वाचल्याशिवाय जाळत नाही तो, हे मला फार लागतं. रानातली हरणं, डुकरं, रेडे भोवती जमतात, चरणं सोडतात, डोळ्यांतून पाणी काढत उभी राहतात. इकडे राजाच्या ताटात येणारं मांस सुकं, बेचव व्हायला लागतं, राजा आजारी पडतो, चौकशी होते, पारधी सांगतात की जनावरं खातच नाहीत, ती गोष्ट ऐकतायत. राजा धावत जातो तोवर सहा लाख श्लोक जळालेले असतात, एक लाख उरतात. त्या उरलेल्यातून पुढे अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाचा कथासरित्सागर आला. ही आख्यायिका आहे, इतिहास नव्हे, पण आदित्यराणूबाईतली राणी आणि हा राजा दोघं एकाच चुकीने सगळं घालवून बसतात.

इथपर्यंत गोष्टीचं चांगलंच सांगत आले, पण दुसरी बाजू सांगितली नाही तर ते खोटं होईल. गोष्ट डोक्यात लवकर शिरते आणि लवकर निघत नाही, मग ती खरी असो की खोटी. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं साक्री तालुक्यातलं राईनपाडा गाव, बाजाराचा दिवस. पोरं पळवणारी टोळी फिरतेय अशी एक गोष्ट तेव्हा मोबाइलवरून सगळीकडे फिरत होती. नाथपंथी डवरी गोसावी समाजातली, भिक्षा मागत फिरणारी पाच माणसं गावात आली होती, जमावाने त्यांना धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि जीव जाईपर्यंत मारलं. पाचही जण गेले. हे लिहिताना आजही हात थांबतो. गावोगाव फिरून पोट भरणारी ही माणसं, त्यांच्यापाशी त्यांची स्वतःची एक गोष्ट होती, कुठून आलो, कोणत्या गावाला निघालो, घरी कोण आहे, आणि ती ऐकायला त्या खोलीत कुणीही तयार झालं नाही.

मोबाइलवर फिरणाऱ्या गोष्टीला सांगणारा नसतो. आजीला मध्येच थांबवून विचारता यायचं, खरंच असं झालं होतं का? आणि आजी हसायची किंवा म्हणायची, मी नाही बघितलं बाई, माझ्या आजीने सांगितलं. आलेल्या मेसेजला तसं विचारता येत नाही, ज्याने पाठवला त्यालाही कुणीतरी पाठवलेला असतो, सगळे ऐकणारे आणि कुणीच सांगणारा नाही. आमच्या घरच्या ग्रुपवर मी आता एवढंच विचारते, ‘तू बघितलंस का?’ दहातल्या नऊ वेळा उत्तर येतं, नाही गं, आलं तसं पाठवलं.

माझी बहीण नेदरलँड्समध्ये असते, तिची मुलगी चार वर्षांची. रोज आपल्याकडे रात्र झाली की आमची आई तिला व्हिडिओ कॉलवर गोष्ट सांगते, आणि दीड वर्ष झालं, गोष्ट एकच, चिऊकाऊची. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं घर मेणाचं. पाऊस येतो, कावळ्याचं घर वाहून जातं, तो चिमणीच्या दारात येतो, चिऊताई चिऊताई दार उघड, आणि ती म्हणते थांब माझ्या बाळाला अंघोळ घालते, थांब माझ्या बाळाला तीट लावते. बहीण मध्ये वैतागली होती, दुसरी सांग की गं एखादी. पण मुलीला दुसरी नकोच असते. लहान मुलांना तीच तीच गोष्ट का लागते याचं उत्तर त्या प्रिन्स्टनच्या प्रयोगातल्या पुढे धावण्यात आहे असं मला वाटतं, आता काय येणार हे माहीत असणं आणि मग तेच येणं, यात एवढ्याशा जिवाला जो भरवसा मिळतो तो दुसरीकडे कुठे मिळत नाही, कारण तिचा बाकीचा सगळा दिवस न कळणाऱ्या गोष्टींनी भरलेला असतो. शिवाय घर वाहून जाणं, दार न उघडणं, बाहेर भिजत उभं राहणं, या फार भीतीदायक गोष्टी आहेत आणि त्या तिला आजीच्या आवाजात, पांघरुणात बसून, रोज थोड्या थोड्या अनुभवता येतात. आईने एकदा ‘तीट’ आधी आणि ‘अंघोळ’ नंतर सांगितलं तर तिकडून लगेच दुरुस्ती आली, आधी अंघोळ!

नेट कधी कधी अडकतं. आई वाक्य बोलते, स्क्रीनवर मुलीचा चेहरा गोठल्यासारखा दिसतो, ओठ हललेले दिसत नाहीत. आई पुढे जात नाही. चष्मा कपाळावर सरकवून फोन थोडा जवळ धरते आणि थांबते, कधी पाच सेकंद, कधी दहा. मग तिकडून उशिरा निघालेलं हूं येऊन पोचतं, आणि कावळ्याच्या घरावर पाऊस सुरू होतो.